खाकी कव्हरांचं वाचनालय

समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता काका आधी त्याच्या पायांकडे बघायचे. मग सावकाश वर येत चष्म्यापर्यंत पोचायचे आणि एक डोळा बारीक करून म्हणायचे, "कळला नंबर. बसा." आपण गेलेलो असायचो पुस्तक मागायला. कुठलं पाहिजे ते सांगायला तोंड उघडावं, तर ते हात वर करून थांबवायचे. "तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही नका सांगू साहेब. ते सगळे चुकीचंच सांगतात."

नवघरहून खारी गावाकडे वळलं की डाव्या हाताला आमची सोसायटी लागते. तळमजल्यावर मीटररूमला लागून एक खोली आहे, तिथे आमचं वाचनालय होतं. गिरगाव, लालबाग, दादर सोडून आम्ही मराठी कुटुंबं इथे राहायला आलो, सामान लावलं, फ्रिज ठेवला, देव ठेवले, आणि मग लक्षात आलं की पुस्तकांना जागा उरलेली नाही. तेव्हा आम्ही ती सोसायटीला दान केली. दानामागचं कारण वाचनप्रेम असं इतिवृत्तात लिहूनही घेतलं.

हे दान फार सर्वसमावेशक होतं. प्रेमकथा होत्या, खुनाच्या होत्या, भुताच्या होत्या. ग्रहताऱ्यांची पुस्तकं, लोणची-मुरंब्यांची, कुक्कुटपालनाची, पहिल्या बाळंतपणाची, मोठ्या चित्रांची लहान मुलांसाठीची, कुणाच्या तरी काश्मीरच्या सहलीची आणि दहावीचे जुने प्रश्नसंच. शेजाऱ्यांनी दिलेल्या हिंदी आणि गुजराती पुस्तकांचा एक कप्पा होता. आणि खालच्या फळीवर दगडासारखे खंड होते. संतवाङ्मयावरचे प्रबंध, इतिहासाची साधनं, कुणाकुणाचं समग्र. ते देताना देणाऱ्याला सगळ्यात हलकं वाटलं असणार.

एवढ्या पसाऱ्याचा ताबा काकांनी आपण होऊन घेतला. ते एका सरकारी खात्याच्या भांडारातून निवृत्त झाले होते. तिथे गणवेश आणि बूट वाटायच्या खिडकीवर त्यांची उभी नोकरी गेली. पुस्तकांनाही त्यांनी तोच कायदा लावला. "आठ नंबरच्या पायात सात नंबरचा बूट घातला तरी माणूस चालतो," ते सांगायचे. "पण चालताना त्याचं तोंड बघा."

त्यांनी पहिल्याच महिन्यात झाडून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. वर नाव नाही, लेखक नाही. पाठीवर निळ्या शाईने फक्त क्रमांक. कुठल्या क्रमांकात काय आहे ते त्यांना आणि त्यांच्या लांबलचक रजिस्टरला माहीत. भांडारात म्हणे सगळे बूट एकसारख्या खोक्यातूनच यायचे. आम्हाला हा प्रकार भलताच विनोदी वाटला. कोजागिरीच्या कार्यक्रमात मी माइकवरून म्हणालोही, की आमच्या वाचनालयात पुस्तक आणि शाळेची वही यांत भेदभाव करत नाहीत. लोक हसले. काकाही हसले. असे विनोद करणारा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतो, तुमच्याकडेही असेल. आमच्याकडे तो मी आहे.

काकांची माप घ्यायची पद्धत बघण्यासारखी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन धार्मिक काहीतरी मागायला आल्या. काकांनी पायांपासून चष्म्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "बेन, दोपहर को घर पे कौन रहता है?"

"कोई नहीं. सब काम पे."

काकांनी त्यांना हिंदी कप्प्यातलं एक खाकी पुस्तक दिलं. चार दिवसांनी बेन तणतणत आल्या. "अंकल, ये क्या दिया? इसमें तो पहले पन्ने पे ही खून है!"

"कितना पढ़ा?"

"पूरा पढ़ा," बेन म्हणाल्या आणि जिन्याकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "दूसरा है क्या?"

खारी गावातले एक म्हातारे बाबाही यायचे. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांच्या शेताची. सोसायटीचे सभासद नसले तरी काकांनी त्यांना वाचनालयात घेतलं होतं. आमच्यातल्या कुणीतरी मोठ्या समजूतदारपणे सुचवलं, बाबांना शेतीवरचं काही द्या. बाबा म्हणाले, "शेतीचा कशाला? शेत कुठं हाय आता? वरचा काय हाय तो दे मना." त्यांनी आकाशाकडे बोट केलं. काकांनी त्यांना एकशे नव्वद नंबरचं ग्रहताऱ्यांचं पुस्तक दिलं. बाबा ते अक्षर अक्षर लावत वाचायचे आणि परत करताना पुन्हा तेच मागायचे.

आता माझं. मी विमा कंपनीत अधिकारी. मराठी भाषा दिनाला वाचनसंस्कृतीवर बोलायला परिसरात मला उभं करतात, आणि मी उभा राहतो. तेव्हा काकांसमोर जाऊन मी साहजिकच म्हणालो, "काहीतरी वैचारिक द्या."

काकांनी माझ्या चपलांपासून सुरुवात केली. मग विचारलं, "साहेब, घरात बोलता काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलीची ॲडमिशन, गॅसचा सिलिंडर, उद्या डब्याला काय, हे सोडून."

मी आठवू लागलो. काकांनी वरच्या फळीवरून तीनशे बारा काढून माझ्या हातात ठेवलं.

ऑफिसात डबा खाताना मी ते उघडलं आणि संतापलो. चहाचे मळे, धुकं, मळ्याच्या मालकाचा अबोल मुलगा आणि शाळेत शिकवणारी एक मुलगी. दोघांचं एकमेकांवर प्रेम आणि सांगायचं धाडस दोघांनाही नाही. दोन मुलींच्या बापाच्या हातात द्यायचं पुस्तक का हे? तावातावाने मी पुढची पानं उलटत गेलो, कारण नक्की किती वाईट आहे ते कळायला पाहिजे. त्या दिवशी दुपारचा चहा येऊन गेला तरी मला पत्ता नव्हता. पुढे मी तसली बरीच वाचली, पण तीनशे बारा चारदा वाचलं. खाकी कव्हर होतं म्हणून. ऑफिसात लोकांना वाटायचं, साहेब संदर्भग्रंथ वाचतायत. मीही ते वाटू दिलं.

कव्हरांचा उपयोग मला एकट्यालाच होतोय अशी माझी समजूत होती. ती एका संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर संपली. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. सरांनी पस्तीस वर्षं मुलांच्या बाकांखालून गोष्टींची पुस्तकं जप्त केली आणि ते हे अभिमानाने सांगतात. आम्ही दोघं बाकावर अभिरुचीच्या घसरणीविषयी बोलत बसलो होतो. मधे दोघांची दोन खाकी पुस्तकं. उठताना उचललेलं पुस्तक घरी येऊन उघडलं, तर पानभर हिरवा राक्षस, त्याच्या खांद्यावर राजकन्या आणि खाली टपोऱ्या अक्षरांत चार ओळी. म्हणजे माझा चहाचा मळा सरांकडे गेला होता. ती रात्र मला वाईट गेली. त्यांनाही गेली असावी.

सकाळी जिन्यात आम्ही पुस्तकांची अदलाबदल केली.

"फारच गंभीर आहे तुमचं," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

"तुमचंही," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही अभिरुचीविषयी बोलणं बंद केलं. हवेविषयी बोलू लागलो.

हे असं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण बी विंगमधला एक तरुण सोसायटीचा सेक्रेटरी झाला. कॉम्प्युटरवाला, कामाचा, मुद्दाम वाकडं वागणारा मुळीच नाही. सगळ्यांची ऑनलाइन मागवलेली पार्सलं वॉचमनच्या केबिनीत मावेनात. वाचनालयाची अर्धी खोली पार्सलांना मिळाली तर प्रश्न सुटतो. त्याने ग्रुपवर मेसेज टाकला: वार्षिक सभेत काकांच्या रजिस्टरवरून प्रत्येकाने काय वाचलं त्याची यादी वाचून दाखवू. चांगल्या वाचकांना वाचनगौरव प्रमाणपत्र देऊ. आणि जी पुस्तकं कुणीच नेली नाहीत ती रद्दीत देऊन तिथे रॅक लावू. मेसेजखाली भराभर अंगठे उमटले. माझाही एक होता.

अंगठा दाबल्यावर मला तीनशे बारा आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी काकांकडे हजर झालो.

"काका, त्या रजिस्टरचं जरा..."

"तुम्हीपण?" काका म्हणाले. म्हणजे माझ्याआधी लोक येऊन गेले होते. "बोला, काय लिहू?"

"संतवाङ्मयाचे ते चार खंड आहेत ना खाली..."

"चारही?"

"तीन लिहा," मी म्हणालो. फार खोटं बोलायला मला आवडत नाही.

काकांनी रजिस्टर उघडलं नाही. चष्मा काढून पुसत बसले. "चाळीस वर्षं खिडकीवर होतो साहेब. एक खोटी नोंद नाही केली. साहेब लोक यायचे, मंत्र्यांची माणसं यायची, नाही केली." मग म्हणाले, "तुमच्यासाठी करेन. बाई माणसं येऊन रडून गेली, त्यांना काय सांगू? पण एक लक्षात घ्या. तुम्ही तीनशे बारा नेलं नाही असं मी लिहिलं, की ते कुणीच नेलं नाही असं होतं. कुणी नेलं नाही ते भंगारात. मी स्वतः किती बूट पाठवलेत."

"एवढी कोण तपासणी करतंय?" मी म्हणालो.

खरं म्हणजे मला त्यांचं म्हणणं नीट कळलं होतं. कळूनही मी तसं म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो.

काकांनी आठवडाभर बसून नवं रजिस्टर तयार केलं. जुन्यातलं एकेक नाव घेऊन त्यापुढे त्या माणसाला शोभेल असं पुस्तक. त्या दिवसांत वाचनालयाचं दार आतून बंद असायचं आणि आम्ही कुणी ठोठावत नव्हतो.

सभा रविवारी संध्याकाळी गच्चीवर झाली. सेक्रेटरीने यादी वाचायला घेतली आणि आमची सोसायटी किती विद्वान आहे ते आम्हाला प्रथमच कळलं. सरांनी इतिहासाची साधनं वाचली होती. बेननी दोन उपनिषदं संपवली होती. माझ्या बायकोच्या नावापुढे आहार आणि आरोग्य होतं. माझे तीन खंड वाचले गेले तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मी उठून प्रमाणपत्र घेतलं, नमस्कार केला. लाज वाटली का, तर तेव्हा नाही वाटली. टाळ्या वाजत असताना ती वाटत नाही.

मग सेक्रेटरीने दुसरा कागद काढला. "आता एकदाही न नेलेली पुस्तकं. नंबर वाचतो. कुणी यातलं वाचलं असेल तर हात वर करा, ते आपण ठेवून देऊ. एकशे चार. एकशे सात."

तो नंबर वाचत गेला. कव्हरांमुळे कुणाला कशाचं नाव माहीत नव्हतं, पण नंबर ज्याचा त्याला पाठ होता. एकशे सोळाला बेननी पदर सारखा केला. दोनशे तीसला सरांनी खिशातून पेन काढून परत ठेवलं. काका पहिल्या रांगेत बसले होते. खुर्ची वळवून ते आमच्याकडे तोंड करून बसले आणि एकेक नंबर आला की त्या त्या माणसाकडे बघू लागले. त्या नजरेत राग नव्हता. खिडकीवर बूट काढून ठेवलाय आणि घेणारा यायचा आहे, अशी ते वाट बघत होते.

फक्त एकशे नव्वदला मागून एक हात वर आला. खारीचे बाबा उभे राहिले. "मी वाचलाय त्यो. मना पायजे."

सेक्रेटरीने फक्त सभासदांच्याच नोंदी धरल्या होत्या. त्याने यादी बघितली, मग अदबीने म्हणाला, "बाबा, तुम्ही मेंबर नाही ना. सभेत तुमचा हात मोजता येत नाही."

ज्या जमिनीवर ही गच्ची उभी आहे ती या माणसाची होती, हे तिथे निम्म्या लोकांना माहीत होतं. बाबा खाली बसले.

"तीनशे बारा," सेक्रेटरी म्हणाला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. नुसता हात वर करायचा होता. पुस्तक कसलं आहे ते सांगायचंही नव्हतं. पण माझ्या मांडीवर वाचनगौरव होतं, तीन खंडांचं. मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"तीनशे तेरा," सेक्रेटरी म्हणाला.

पुढच्या रविवारी सकाळी आम्हाला खाली गडबड ऐकू आली. काका ती पुस्तकं कंपाउंडमध्ये आणून ठेवत होते. रद्दीवाल्याला त्यांनी एक वाजता बोलावलं होतं. एकेक पुस्तक हातात घेऊन ते खाकी कव्हर उतरवत होते आणि पुस्तक फरशीवर मांडत होते. ढीग केला नव्हता. रांगा लावल्या होत्या. दहा वाजेपर्यंत सगळं कंपाउंड रंगीत झालं. हिरवे राक्षस, रक्ताने लाल झालेले सुरे, रॉकेट, लोणच्याच्या बरण्या, पदर उडणाऱ्या नायिका. आम्ही सगळे आपापल्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो, कुंड्यांना पाणी घालत होतो. मग माझ्या लक्षात आलं की रांगा उगाच लावलेल्या नाहीत. बेनच्या बाल्कनीखाली सुरे होते. सरांच्या बाल्कनीखाली राक्षस होते. आमच्या खाली चहाचा मळा होता. जाता येता उचलता येईल, इतकं सोपं करून काका वॉचमनच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. कोण येतं ते त्यांना दिसू नये म्हणून.

खारीचे बाबा आले. एकशे नव्वद उचललं, उघड्या मुखपृष्ठावरचा शनी पुढे धरून गेटबाहेर चालते झाले. बाकी कुणी आलं नाही.

बारा वाजता मी बायकोला म्हणालो, "अगं, जरा खाली जाऊन येतेस? एक पुस्तक आणायचंय."

ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून तिने पटकन विचारलं, "कुठलं?"

"राहू दे," मी म्हणालो. तिनेही पुन्हा विचारलं नाही. एक वाजता टेम्पो आला.

काकांनी सगळी खाकी कव्हरं घडी घालून सुतळीने बांधली आणि वाचनालयाची किल्ली सेक्रेटरीच्या हातात दिली. दोन महिन्यांनी ते बदलापूरला मुलीकडे राहायला गेले. जाताना कुणाकडे चहाला आले नाहीत, आणि ‘या’ म्हणायचं तोंड कुणाकडे नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ते वारल्याचं ग्रुपवर आलं. त्या मेसेजखाली सगळ्यांनी हात जोडले. वाचनालयात आता काचेच्या कपाटात ते जाडे खंड आहेत, सोनेरी अक्षरांची नावं बाहेर करून. बाकी खोलीत पार्सलं आहेत. आम्ही रोज तिथे जातो, पूर्वीपेक्षा जास्त.

परवा दिवाळीच्या साफसफाईत बायकोने माझं वाचनगौरव भिंतीवरून उतरवून पुसलं. पुसता पुसता म्हणाली, "हे तीन खंड तुम्ही खरंच वाचलेत?"

काका नव्हते, पुस्तकही नव्हतं. लपवायचं कोणासाठी, ते मला आठवेना. "एकही नाही," मी म्हणालो.

"मग वाचायचात काय?"

"होतं एक. चहाच्या मळ्याचं."

तिचा हात थांबला. "तीनशे बारा?" ती म्हणाली.

आम्ही दोघं स्टुलाच्या दोन बाजूंना उभे होतो. काकांनी दोघांची मापं घेतली होती आणि दोघांना एकच पुस्तक दिलं होतं, आळीपाळीने, आणि कुणाचं कुणाला कळू दिलं नव्हतं. नोंद बदलायला तीही त्यांच्याकडे गेली होती, माझ्या आदल्या दिवशी.

"तो पहिल्यांदा तिचा हात धरतो ना, त्या पानाचा कोपरा मी दुमडायचे," ती म्हणाली. "पुन्हा आणलं की सरळ केलेला असायचा. मला राग यायचा, कोण मेलं सरळ करतं म्हणून."

"मी करायचो," मी म्हणालो.

तिने प्रमाणपत्र स्टुलावर ठेवलं. मग म्हणाली, "त्या रविवारी तुम्ही नाव घेतलं असतंत, तर मी धावत गेले असते हो."